बाईचे शब्द, माझ्या रेघा

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. आमच्या वयात बरंच अंतर आहे. आई धानाच्या बांध्यांत मजुरीला जायची आणि हंगाम संपला की मूल गावच्या राईस मिलमध्ये. त्यामुळे मला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेत नेऊन बसवणं हे सगळं बाईनंच केलं. मी बोलायला उशिरा शिकलो आणि तेही बाईनंच शिकवलं, असं आई सांगायची.

बाईचा एक शब्द होता: धड. धड सांग, धड बघ. लहानपणी बोडीवरून, म्हणजे गावच्या लहान तळ्यावरून, धावत येऊन मी सांगितलं, की एक मोठा पक्षी पाहिला, तर ती विचारायची, चोच सरळ होती की वाकडी? उडताना मान लांब केली होती की घडी घातली होती? मला ठाऊक नसायचं. ती रागवत नसे. बघून ये म्हणायची आणि मी पुन्हा बोडीकडे पळायचो. पक्षी कधी असायचा, कधी उडून गेलेला असायचा. पुढे मी चित्रं काढू लागलो, पण पाहायला शिकलो ते या पळापळीत.

बाई मोठी होऊन सावली गावच्या शाळेत मराठीची शिक्षिका झाली. आमच्या घरात, वस्तीत सगळे मले, तुले बोलणारे. ती एकटी मला, तुला म्हणायची, घरीसुद्धा. ‘मास्तरीन पुस्तकावानी बोलते,’ असं शेजारच्या बाया कौतुकानं म्हणत. तिचा एकेक शब्द सुटा यायचा, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा. फळ्यावरचं तिचं अक्षर शेवटच्या बाकावरच्या पोरीला वाचता यायचं, याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

मी चित्रकलेचा शिक्षक झालो आणि एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत लागलो. तिथल्या जंगलानं मला वेड लावलं. श्रावणातलं जंगल मी जलरंगात काढायचो. ओल्या कागदावर हिरवा, करडा, निळा रंग एकमेकात सोडून द्यायचा. कुठं झाड संपलं आणि कुठं पाऊस सुरू झाला, हे कळू नये असं मला वाटायचं. अशी काही चित्रं नागपूरच्या प्रदर्शनात लागली होती. बाई मुद्दाम बघायला आली. एका चित्रापुढे खूप वेळ उभी राहिली आणि विचारलं, ‘हे झाड आहे की माणूस?’

मी म्हटलं, बघणाऱ्याला वाटेल ते. ती हसली. ‘मग तू काय केलंस, बाबू?’ म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पुढच्या चित्राकडे गेली.

निवृत्त झाल्यावर बाई मूलला आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी बायको तिच्याकडे जायचो. अशाच एका सुट्टीत, धान कापणीला आलं होतं तेव्हा, बाई सकाळी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. ती माझ्या बायकोला काहीतरी म्हणाली. बायकोला वाटलं, तोंडात तांदळाचे दाणे असतील. तिनं पुन्हा विचारलं. बाईनं पुन्हा सांगितलं. सूर बरोबर होता, वाक्य जसं चढतं आणि उतरतं तसं चढलं, उतरलं. पण त्यात शब्द नव्हता. मग तिच्या उजव्या हातातलं सूप कलंडलं आणि तांदूळ अंगणभर झाला.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. आम्ही तिला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली आहे. वेळेवर आणलंत. जीव वाचेल, चालता येईल, हातही थोडाफार सुधारेल. बोलण्याचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही, म्हणाले.

बाई वाचली. डोळे उघडून तिनं आम्हाला ओळखलं. आम्ही बोलायचो ते तिला बरंचसं समजायचं. पण तिच्या तोंडून यायचा तो नुसता गुंता. तिला तो ऐकू यायचा, हे सगळ्यात वाईट. बोलायला जायची, स्वतःचा आवाज ऐकायची आणि ओठ मिटून भिंतीकडे तोंड करायची.

एके दिवशी संध्याकाळी माझी बायको तिच्या उशाशी बसून हळू आवाजात त्रिशरण म्हणत होती, रोज घरी म्हणते तसं. बाईचे ओठ हलू लागले आणि बघता बघता ती बायकोबरोबर म्हणू लागली. एकही शब्द न चुकता, न अडखळता. त्रिशरण झालं, पंचशील झालं. वॉर्डातल्या इतर बायाही हात जोडून ऐकत राहिल्या. मला वाटलं, आली, बाईची वाचा आली. मी तिच्याजवळ वाकून विचारलं, पाणी देऊ का? ती काहीतरी बोलली. पुन्हा तोच गुंता.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला तिथं एक तरुण मॅडम यायच्या. त्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं, की लहानपणापासून म्हटलेलं असं कधी कधी शाबूत राहतं. पायांना वाट पाठ असते तसं ते असतं. त्यावरून निराश होऊ नका, की फार आशाही धरू नका. मग त्यांनी एक चित्रांचा संच काढला. एकेक चित्र दाखवायचं आणि नाव म्हणायला लावायचं. संच बाहेरून आलेला होता. त्यात स्ट्रॉबेरी होती, बर्फावरची घसरगाडी होती. बाईनं एकेक कार्ड नीट पाहिलं आणि डाव्या हातानं बाजूला सारलं. मॅडम हसल्या. ‘सर, तुम्ही चित्रं काढता ना? यांच्या घरातल्या, यांच्या गावातल्या वस्तू काढून द्या.’

आम्ही बाईला एटापल्लीकडे, आमच्या शाळेच्या क्वार्टरमध्ये घेऊन आलो. बायकोनं मॅडमकडून व्यायाम शिकून घेतले होते आणि रेंज असली की फोनवरून मॅडम आम्हाला बघायच्याही. मी चित्रं काढायला बसलो. पहिलं काढलं सूप. मऊ पेन्सिलीनं, बांबूचं विणकाम दाखवून, एका बाजूनं ऊन पडलंय, दुसऱ्या बाजूला सावली. मला ते आवडलं होतं. बाईनं ते खूप वेळ पाहिलं. मग सावलीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. हे काय, असं तिला विचारायचं होतं. सूप तिला दिसलंच नव्हतं.

मी ते चित्र मॅडमना पाठवलं. त्या म्हणाल्या, ‘सर, चित्र सुंदर आहे. पण त्यांना एवढं सगळं एकदम नको. एकच वस्तू, ठळक रेघ. बघताक्षणी कळली पाहिजे.’

मग मी जाड काळा मार्कर घेतला. त्याला खोडता येत नाही. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पळी काढायला गेलो आणि हात थांबला. दांडा वाटीला नेमका कुठं जोडलेला असतो? रोज त्या पळीनं वरण वाढून घेत होतो. उठून स्वयंपाकघरातून पळी आणली आणि समोर ठेवून काढली. तसंच विळ्याचं. तसंच मडक्याचं, कुऱ्हाडीचं, वाळवून ठेवलेल्या मोहाच्या फुलाचं. बगळ्यासाठी शाळेमागच्या बोडीवर जाऊन उभा राहिलो. सकाळचं धुकं उठलं की हिवाळ्यातलं ऊन असं स्वच्छ पडतं, की पाण्यात उभा बगळा कात्रीनं कापून ठेवल्यासारखा दिसतो. चोच, कपाळ, मान, पाठ, शेपूट. कुठं रेघ फिरवायची आणि कुठं ती तोडायची, हे त्याच्याकडे बघूनच ठरवावं लागलं. कितीतरी पुठ्ठे वाया गेले. पण असं बसून बघण्यात एक सुख आहे, हे मी विसरून गेलो होतो.

एका दुपारी व्हरांड्यात बायको बाईला कार्डं दाखवत होती आणि मी शेजारी बसून पुठ्ठे कापत होतो. विळ्याचं कार्ड आलं. बाईनं ते हातात घेतलं. डाव्या हाताची तर्जनी तिनं विळ्याच्या मुठीवर ठेवली, तिथून पात्यावर आणली आणि त्या वळणावरून सावकाश टोकापर्यंत नेली. ओठ हलले.

‘इळा,’ ती म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. ती स्वतःही दचकली होती. मग तिच्या कपाळावर आठी आली आणि ती जोर लावून म्हणू लागली, ‘वि… वि…’ मला एकदम कळलं. बाई स्वतःचं शुद्धलेखन सुधारत होती.

बायकोनं तिचा हात धरला. ‘राहू द्या बाई. इळाच हाय तो. आईबी इळाच म्हणे.’

बाईनं तिच्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, इळा. या वेळी अगदी स्वच्छ, सुटा. मग दोघी रडायला लागल्या. माझ्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात अर्धा कापलेला पुठ्ठा. ते खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

त्यानंतर शब्द येऊ लागले. कधी बरेच येत, कधी आठवडा आठवडा एकही नाही. आले ते सगळे आईचे. पुस्तकातले शब्द कुठं गेले होते कोण जाणे, त्यांच्या खालचा थर वर येत होता. पहिलं पूर्ण वाक्य तिनं गुळवेलीच्या काढ्याचा पेला समोर धरल्यावर उच्चारलं. ‘मले नाई पाह्यजे.’ सारी नोकरी तिनं पोरांच्या वह्यांतलं ‘मले’ लाल शाईनं खोडून ‘मला’ केलं होतं. मला हसू आवरेना आणि मी हसतोय म्हणून तीही हसू लागली. ती काय बोलली, हे तिला पक्कं कळलं होतं. काढा मात्र तिनं घेतला नाही तो नाहीच.

चुकाही व्हायच्या. चंद्रकोरीच्या कार्डाला ती इळा म्हणाली. बायकोनं मान हलवली तर तिनंही मान हलवली आणि कोरीवर बोट ठेवून पुन्हा ठामपणे इळा. मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. वळण खरंच तेच होतं. मी चंद्राला ढग जोडावा की चांदण्या, याचा विचार करत बसलो आणि शेवटी तसंच ठेवलं.

फाल्गुनात जंगल झडलं. इतकी वर्षं या दिवसांत मी ब्रश धुऊन ठेवून द्यायचो. काढण्यासारखं काही नाही, असं वाटायचं. त्या वर्षी रेघांची सवय लागलेली होती, म्हणून असेल, मला ते जंगल पहिल्यांदा दिसलं. पानं नसली की प्रत्येक झाड आपली फांदी आपल्या पद्धतीनं फोडताना दिसतं. साग सरळ जातो, मोह कोपरातून वळतो, सालईची साल उन्हात फिकी चमकते. लांबच्या टेकडीवरचं झाडसुद्धा आभाळावर कोरल्यासारखं. बाई आता काठी घेऊन चालायची. संध्याकाळी आम्ही शाळेच्या कुंपणापलीकडच्या मोहाखाली जाऊन बसायचो.

तिथं एकदा मी तिला विचारलं, की ज्या दिवसांत शब्द नव्हते त्या दिवसांत कसं वाटत होतं. विचारू की नको, असं बरेच दिवस मनात होतं. ती गप्प बसली. मला वाटलं, विषय तिला आवडला नाही. पण ती शब्द गोळा करत होती.

‘दिसे,’ ती म्हणाली. ‘सगळं दिसे.’ मग बराच वेळ गेला. ‘पर नाव नोतं. नाव नोतं त… कड नोती.’ तिनं डावा हात वर करून पंजा हवेत फिरवला, सगळं एकमेकात मिसळल्यासारखा. मग वर, फांद्यांकडे बोट दाखवलं. ‘असं नोतं.’

मी वर पाहिलं. मोहाची एकेक काडी वेगळी दिसत होती. भाषेबद्दल आणि चित्राबद्दल मी पुष्कळ ऐकलं आहे, वाचलं आहे. बाईची ती तुटकी वाक्यं मला त्या सगळ्याहून जवळची वाटतात, कारण ती जिथून आली तिथं बाई स्वतः राहून आली होती.

त्याच सुमारास पहिलीतली एक मुलगी आमच्या व्हरांड्यात येऊन बसू लागली. लांबच्या पाड्यावरून आलेली, घरी फक्त माडिया बोलणारी. वर्गात तिच्या कानावर पडणारी मराठी तिला कळत नव्हती, म्हणून ती वर्गातून उठून यायची. बाईला ती आवडली. एक दिवस बाईनं बगळ्याचं कार्ड तिच्यापुढे धरलं. मुलगी म्हणाली, पिट्टे. माडियात पक्ष्याला पिट्टे म्हणतात. बाईनं तिच्या तोंडाकडे बघत तो शब्द म्हणून पाहिला, पिट्टे. मग थोडं थांबून, जुळवून, तिनं आपला शब्द दिला. बगळा. मुलीनं तो म्हटला.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. मग आणखी दोघी. पहिलीच्या वर्गशिक्षिकेनं हे पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्या नव्या मुलींना ती स्वतःच व्हरांड्यात आणून सोडू लागली. मला वाटायचं, बाई दमेल. उलट तीच दुपारची वाट बघायची. तिला रागावता येत नव्हतं, कारण रागवायला लागतात तेवढे शब्द तिच्याकडे नव्हते. लांबलचक समजावता येत नव्हतं. एखाद्या मुलीला शब्द आठवायला वेळ लागला तर बाई अगदी निवांत थांबायची. तेवढाच वेळ तिलाही लागत होता. मुलींनी एक शब्द दिला की तिनं एक द्यायचा, असं चालायचं. माझ्या रेघा दोन्हीकडून वाचल्या जात होत्या. नागपूरच्या प्रदर्शनात माझी चित्रं लागली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

शाळा उन्हाळ्यासाठी सुटली तेव्हा त्या मुली निघताना बाईच्या पाया पडायला आल्या. ती कार्डं मी शाळेलाच दिली. कोपरे मळले आहेत, काहींची तर सालं निघाली आहेत, पण अजून वापरात आहेत. दरवर्षी नव्या मुली सांगतात ते काढून मी भर घालतो. यंदा एकीनं मासे पकडायची बांबूची टोपली सांगितली. ती काढायला मला त्या टोपलीपुढे बराच वेळ बसावं लागलं.

बाई मूलला परतली. शेजारची, पुतणीच म्हणावी अशी एक मुलगी तिच्याकडे राहते. बाईचं बोलणं आता थोडकं आहे. विशेषणं जवळजवळ गेली. ज्या बाईनं मुलांना अलंकार शिकवले, ती आता म्हणते, ‘भूक. भात.’ किंवा, ‘ऊन. आत चल.’ फोनवर ती माझ्या बायकोची चौकशी करते, माझी करते, सांगायचं ते सांगते आणि फोन ठेवून देते. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं. आता तिचा फोन येऊन गेला की घरात काहीतरी नीट लावून ठेवल्यासारखं वाटतं.

पावसाळ्यात मी अजून ओल्या कागदावर रंग सोडतो. धुकं खोटं असतं असं मी म्हणणार नाही. माझी बहीण त्यात राहून आली आहे. पण बाहेर आली, ती आईच्या शब्दांना धरून, माझ्या बायकोच्या चिकाटीनं आणि थोडीशी माझ्या काळ्या मार्करच्या बोटाला धरून. त्या थोड्याशाबद्दल मी फार ऋणी आहे. तिनं मला बोलायला शिकवलं होतं. तिच्या कामी यायची संधी मला मिळाली. सगळ्याच भावांना ती मिळते असं नाही.

यंदा फाल्गुनात बाई पुन्हा आमच्याकडे यायला निघाली. मी मूलला जाऊन तिला बसनं घेऊन येत होतो. आलापल्ली मागे टाकल्यावर झडलेलं जंगल सुरू झालं आणि ती खिडकीतून झाडांची नावं घेऊ लागली. साग. मोह. तेंदू. घाटात बस चढणीला मंदावली तेव्हा एक झाड अगदी खिडकीजवळ आलं. पान एकही नाही, फांद्या खाली झुकलेल्या, टोकांना लालसर कोंब.

‘हे?’ बाईनं विचारलं.

मी या रस्त्यानं कितीदा आलोगेलो आहे, पण मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

‘विचार,’ ती म्हणाली.

मागच्या बाकावर मांडीवर कोंबडी घेऊन एक माडिया बाई बसली होती. मी वळून झाडाकडे बोट दाखवलं. तिनं बाहेर वाकून पाहिलं आणि तिच्या भाषेतलं नाव सांगितलं. गिअर बदलला त्या आवाजात मला ते नीट ऐकू आलं नाही. बाईला आलं. तिनं ते हळूच म्हणून पाहिलं, मागच्या बाईनं मान हलवून जरा वेगळं म्हटलं, तर तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. घाट उतरेपर्यंत त्या दोघींचं ते चाललं होतं.